ओकोनोमियाकी बिघडते कुठे? या चुका टाळा

ओकोनोमियाकी हा तव्यावरचा जपानी पदार्थ म्हणजे कोबी घातलेलं धिरडं नव्हे. इथे मुख्य जिन्नस कोबी, पीठ त्याला धरून ठेवण्यापुरतं. ओसाका पद्धतीच्या एका ओकोनोमियाकीला 150 ग्रॅम कोबी, 50 ग्रॅम मैदा, 50 मिली दाशी (जपानी रस्सा-पाणी), एक अंडं आणि दोन मोठे चमचे किसलेला नागाइमो हा चिकट जपानी कंद पुरतो. पीठ कमी दिसतं म्हणून मैदा वाढवला की मधोमध कच्चा, चिकट गोळा राहतो.

सगळ्यात मोठी चूक उलथन्याने दाबण्याची. पलटल्यावर चर्र आवाज आला की पराठ्याच्या सवयीने हात दाबायला जातो. खरं तर तेव्हा कोबीतल्या पाण्याची वाफ होऊन आतला भाग शिजत असतो, फुलत असतो. दाबलं की वाफ कडेने निघून जाते, दोन सेंटिमीटरची जाडी एकावर येते आणि गळालेल्या पाण्याने खालची कुरकुरीत बाजू ओली होते. ती पुन्हा कुरकुरीत करायला आच वाढवली, तर बाहेरून करपते. त्यावर इलाज नाही. मध्यम आचेवर पहिली बाजू चार-पाच मिनिटं, वर पोर्कच्या पातळ पट्ट्या, पलटून पाच मिनिटं, पुन्हा पलटून दोन. एवढा धीर नसेल तर हा पदार्थ करूच नये.

दुसरी चूक घाईची. चार जणांचं मिश्रण एकाच भांड्यात कालवलं जातं. पहिली उत्तम होते, दुसरी जरा पसरते, चौथ्या वेळी भांड्याच्या तळाशी पांढरं पाणी दिसतं. कोबीने पाणी सोडलेलं असतं. आता मैदा घालून काही सुधारत नाही. मैदा-दाशीचं पीठ तासभर आधी फ्रिजमध्ये ठेवा, हरकत नाही. कोबी, अंडं आणि तेनकासू (तळलेल्या पिठाचे कुरकुरीत कण) मात्र एकेका वाटीत, तव्यावर घालायच्या आधीच, खालून वर उचलत मिसळा. धुतलेला कोबी नीट निथळलेला हवा.

हिरोशिमाच्या पद्धतीत हे कालवणं नाहीच. तव्यावर पातळ पीठ पसरायचं, त्यावर बारीक चिरलेल्या कोबीचा ढीग, कडधान्याचे मोड, पोर्क, वरून चमचाभर पीठ. हे पीठ विसरलात तर पलटताना सगळं विखुरतं. नूडल्स बाजूला परतून त्यावर हा थर चढवायचा, शेवटी अंडं. ओसाकाच्या कालवलेल्या मिश्रणाला नूडल्सची जोड दिली तर ती मोदानयाकी, हिरोशिमाची नव्हे.

तोक्योच्या त्सुकिशिमा भागातली मोंजायाकी, म्हणजे ओकोनोमियाकीसारखाच तव्यावरचा पदार्थ, पातळच असते. मैदा घालून घट्ट करू नका.

नागाइमो सोलताना हात खाजतात, हातमोजे घाला.

सॉस लावल्यावर तव्यावर ठेवू नका, साखर जळते.

शाकाहारी करताना नुसतं पोर्क वगळून भागत नाही. दाशी कोम्बूची (समुद्री शेवाळाची) घ्या, कात्सुओबुशी म्हणजे सुकवलेल्या माशाचे काप टाळा आणि सॉसच्या बाटलीवरची यादी वाचा, अनेकांत कालवांचा अर्क असतो.