डॉक्टरांसमोर ‘बरंय आता’ म्हणू नका

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) काम करताना हात मशीनमध्ये सापडला, खांदा उखडला, तर भरपाईच्या दाव्यात तुमच्या बोलण्यापेक्षा केसपेपरला जास्त वजन असतं. डॉक्टर ‘केम छे हवे?’ विचारतात आणि आपण सवयीने ‘सारु छे’ म्हणून मोकळे होतो. तेच कागदावर चढतं.

नुसतं ‘खूप दुखतं’ सांगूनही उपयोग नाही. काय करता येत नाही ते सांगा: उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, शर्टाची बाही चढवताना कळ येते, त्या कुशीवर झोप लागत नाही, पाना आवळता येत नाही. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं, कारण कायमचं अपंगत्व ठरवताना कमाईची क्षमता किती घटली हेच बघतात. तपासणीआधी वेदनाशामक गोळी घेतली असेल तर तेही सांगावं. नाहीतर हात त्या वेळेपुरता बरा हलतो आणि तसंच नोंदलं जातं. जुनं दुखणं लपवू नका, आणि वाढवून तर मुळीच सांगू नका. तपासणाऱ्याला ते लगेच कळतं.

अपघात कामावर, कधी, कसा झाला हे पहिल्याच केसपेपरवर लिहून घ्या. मालकाने फुकट वैद्यकीय तपासणी देऊ केली तर रागाने टाळू नका, भरपाईचा हक्क तेवढा काळ स्थगित होतो. ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा योजनेचा) विमा असेल तर दावा तिथेच, मालकाकडे वेगळी भरपाई मिळत नाही. नसेल, तर मालकाविरुद्ध दावा अपघातापासून 2 वर्षांच्या आत करा.