खांदा दुखतोय, पण खेळ सोडायचा नाही: रोटेटर कफची काळजी कशी घ्यावी

बॉल फेकताना, पोहताना, डोक्यावर वजन उचलताना खांद्याच्या बाहेरच्या बाजूला कळ येते. रात्री त्या कुशीवर वळलं की झोपमोड ठरलेली. मग काहीजण दुखणं अंगावर काढत व्यायाम रेटतात, तर काहीजण महिनाभर हातच हलवत नाहीत. दोन्हींमुळे दुखणं लांबतं.

खांद्याची खोबण उथळ असते. दंडाच्या हाडाचा गोळा तिच्यात मधोमध धरून ठेवायचं काम चार लहान स्नायू आणि त्यांच्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे चिवट पट्टे) करतात. तोच रोटेटर कफ. झेपेल त्यापेक्षा काम एकदम वाढलं की या कंडरा कुरकुरतात. त्यामुळे आधी आठवा, गेल्या महिन्या-दोन महिन्यांत काय वाढवलंत? पुष्कळदा उत्तर तिथंच सापडतं.

आधी पडताळा. हात बाजूनं वर न्या. साधारण ६० ते १२० अंशांच्या टप्प्यात दुखून पुढं कमी झालं, तर संशय रोटेटर कफवर. मग कोपर कमरेशी ठेवून काटकोनात वाकवा आणि दुसऱ्या कुणाला तुमचा पंजा हळूच बाहेर वळवायला सांगा. तसंही वळत नसेल, तर खांदा आखडलेला असू शकतो. त्याचे उपचार वेगळे. कोपराखाली मुंग्या येत असतील तर मानेची तपासणी करून घ्या.

पडल्यावर हात उचलताच येत नसेल, खांद्याचा आकार बदलला असेल किंवा ताप आणि सूज असेल, तर घरगुती प्रयोग नकोत, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. छातीत दडपण, धाप किंवा घाम यांच्यासोबत खांदा दुखला तर हृदयविकाराची शंका धरून थेट रुग्णालयात जा.

भार उतरवा, हात बांधू नका. डोक्यावरचे व्यायाम काही काळ थांबवा. खांद्याच्या उंचीखालचं, न दुखणारं सगळं चालू ठेवा. झोपताना दुखरा हात उशीवर टेकवा.

मग ताकद. सुरुवात भिंतीपासून. कोपर काटकोनात, मनगटाची बाहेरची बाजू भिंतीला लावून दाबा. हात हलता कामा नये. ३० सेकंद, ५ वेळा. हे सोपं वाटू लागलं की रबरी बँड घ्या, काखेत घडी केलेला टॉवेल धरा आणि पंजा सावकाश बाहेर न्या, त्याहून सावकाश परत आणा. १० ते १५ वेळा, ३ फेऱ्या, एक दिवसाआड. सोबत बँड छातीकडे ओढून पाठीचे फरे (खांद्यामागची चपटी हाडं) मागे घेण्याचा व्यायामही करा. फरा ढिला असेल तर एकट्या कफला सगळं ओढावं लागतं.

दुखण्याला १० पैकी गुण द्या. व्यायाम करताना ३-४ पर्यंत चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त ठणकलं, तर भार कमी करा, पण व्यायाम बंद करू नका.

एमआरआयची घाई नको. साठीनंतर मुळीच न दुखणाऱ्या खांद्यांतही कंडरा फाटलेली दिसणं सर्रास आहे, आणि असा रिपोर्ट हातात पडला की माणूस उगाच हात जपू लागतो. स्टिरॉइडच्या इंजेक्शननं काही आठवडे आराम पडतो, ताकद येत नाही.

फरक पडायला साधारण १२ आठवडे धरा. एवढं नियमित करूनही जैसे थे असेल, तर फिजिओथेरपिस्ट किंवा अस्थितज्ज्ञांना दाखवा. खांदा सुधारला तरी पहिल्या दिवशी नेहमीच्या निम्मेच बॉल टाका आणि पुढचा आकडा दुसऱ्या दिवशीची सकाळ बघून ठरवा.