माल्टाची सामूहिक तीर्थयात्रा: धर्मग्रामाच्या गटासाठी नियोजन कसे करावे

‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या 27व्या आणि 28व्या अध्यायांत संत पौलाच्या जहाजफुटीची हकिकत आहे. कैदी म्हणून रोमला नेला जाणारा पौल, चौदा रात्री वादळात भरकटलेले जहाज, त्यावरची 276 माणसे आणि अखेर पोहत किंवा फळ्यांच्या आधाराने किनाऱ्याला लागलेले ते सगळे जण. ते बेट म्हणजे भूमध्य समुद्रातील माल्टा, आणि ते वर्ष इसवी सन 60, असे परंपरा मानते. माल्टाला गट घेऊन जायचे असेल, तर नियोजनाची सुरुवात हॉटेलांच्या दरपत्रकापासून न करता या दोन अध्यायांपासून करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. निघण्यापूर्वी किमान तीन संध्याकाळी सर्व यात्रेकरूंनी एकत्र बसून ते वाचावेत. कोणती स्थळे घ्यायची आणि कोणती सोडायची, हा पुढचा बराचसा वाद त्या वाचनातच मिटतो.

हंगाम आणि गट

तारीख ठरवताना दोन पर्याय पुढे येतात. 10 फेब्रुवारीला संत पौलाच्या जहाजफुटीचा सण असतो, त्या दिवशी माल्टात सार्वजनिक सुट्टी असते आणि राजधानी व्हॅलेटात मेलकियोरे काफा या शिल्पकाराने 1659 साली घडवलेली संतांची लाकडी मूर्ती खांद्यांवरून मिरवली जाते, तेव्हा गॅलऱ्यांमधून कागदाच्या तुकड्यांचा अक्षरशः पाऊस पडतो. परंतु फेब्रुवारीत हवा थंड, ओली आणि वाऱ्याची असते. ज्येष्ठ मंडळी अधिक असतील तर एप्रिल–मे किंवा ऑक्टोबर बरा. जुलै–ऑगस्टच्या उन्हात दगडी पायऱ्या चढणे साठीच्या पुढच्या माणसाला झेपत नाही.

गट 20 ते 25 जणांचा असावा. त्याहून मोठ्या गटात रोज सकाळी कोणाची तरी वाट पाहण्यात अर्धा तास जातो. सोबत धर्मगुरू असणे उत्तम, मात्र त्यांनी आपल्या बिशपांकडून ‘सेलेब्रेट’ हे ओळखपत्र घेऊन ठेवावे, कारण परक्या धर्मप्रांतात मिस्सा अर्पण करण्यासाठी ते मागितले जाऊ शकते. फादरांवर हिशेबाचे आणि तिकिटांचे ओझे टाकू नये. त्यासाठी वेगळी व्यक्ती नेमावी. टूर कंपनीकडून पॅकेज घेतल्यास टीसीएस (कंपनीने पैसे घेतानाच वसूल केलेला कर) आकारला जातो आणि तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, म्हणून प्रत्येकाचा पॅन क्रमांक पहिल्याच बैठकीत नोंदवावा.

व्हिसा आणि विमान

माल्टा 2004 पासून युरोपीय संघात आणि 2007 पासून शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे भारतीय पासपोर्टधारकाला शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो आणि 15 दिवस आधी ही त्याची शेवटची मर्यादा आहे, परंतु गटाने किमान अडीच–तीन महिने हाताशी ठेवावेत, कारण बोटांचे ठसे देण्यासाठी बहुतेकांना अर्ज केंद्रावर स्वतः जावे लागते आणि सर्वांना एकाच दिवसाची वेळ मिळत नाही. प्रौढांसाठी शुल्क 90 युरो आहे. प्रवास विम्याचे संरक्षण किमान 30,000 युरोंचे हवे. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा, परतीनंतर आणखी तीन महिने वैध असावा आणि त्यात दोन पाने कोरी असावीत.

एक गोष्ट अनेक गटांच्या लक्षात येत नाही. पौल माल्टाहून सिसिलीतील सिराक्यूजमार्गे पुढे रोमला गेला, म्हणून पुष्कळ जण रोमही यात्रेला जोडतात, आणि ते योग्यच आहे. अशा वेळी अर्ज जिथे जास्त दिवस मुक्काम आहे त्या देशाकडे करायचा असतो. दिवस समान असतील तर जिथे प्रथम प्रवेश होणार त्या देशाकडे. म्हणजे माल्टात चार दिवस आणि इटलीत पाच असतील, तर अर्ज इटलीकडे जाईल. हे आधी ठरले नाही, तर विमानाची आरक्षणे पुन्हा करावी लागतात.

मुंबईहून दुबई, इस्तंबूल किंवा युरोपातील एखाद्या शहरावरून माल्टाला जाता येते. मधल्या विमानतळावर किमान तीन तास ठेवावेत. आमच्या पहिल्या यात्रेत तो वेळ सव्वा तासाचा होता. दोन आजींसाठी मागितलेल्या चाकांच्या खुर्च्या यायला उशीर झाला, पुढचे विमान निघून गेले आणि अख्ख्या गटाची ती रात्र बाकांवर गेली.

स्थळांची आखणी

संपूर्ण माल्टा द्वीपसमूह 316 चौरस किलोमीटरचा, म्हणजे मुंबईच्या जेमतेम निम्म्याएवढा आहे. अंतरे लहान असल्यामुळे दिवसाला सहा–सात ठिकाणे कोंबण्याचा मोह होतो. तो टाळावा. दिवसाला दोन, फार तर तीन ठिकाणे पुरेत.

एक पूर्ण दिवस रबात आणि शेजारच्या तटबंदीच्या मदिना गावासाठी राखावा. रबातमध्ये संत पौलाच्या चर्चखाली ती गुहा आहे, जिथे ते राहिले असे श्रद्धेने मानले जाते. खाली उतरल्यावर छत इतके जवळ येते की माणसे आपोआप हळू बोलू लागतात. तिथे जहाजाच्या आकाराचा चांदीचा दिवा टांगलेला आहे. पोप दुसरे जॉन पॉल, सोळावे बेनेडिक्ट आणि फ्रान्सिस, तिघेही या गुहेत प्रार्थनेला आले होते. एका वेळी दहा–बाराच जणांनी उतरावे आणि बाकीच्यांनी वर चर्चमध्ये रोझरी म्हणावी. मदिनेतील कॅथीड्रल 1693च्या भूकंपानंतर नव्याने बांधले गेले. पौलाचे आदरातिथ्य करणाऱ्या पुब्लियाचे घर त्याच जागी होते, असे परंपरा सांगते.

व्हॅलेटात मोठी बस शहराच्या वेशीपर्यंतच जाते, पुढे पायीच फिरायचे असते. जहाजफुटीच्या चर्चमध्ये संतांच्या मनगटाचे अस्थी-अवशेष जपलेले आहेत. संत जॉन को-कॅथीड्रलमध्ये इटालियन चित्रकार काराव्हाज्योने 1608 साली काढलेले बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या शिरच्छेदाचे चित्र आहे, ज्यावर त्याची एकमेव ज्ञात सही आहे. तिथल्या जमिनीवर संत जॉनच्या धर्मसंघातील सुमारे 400 सरदारांच्या संगमरवरी थडग्यांच्या फरशा आहेत, म्हणून टोकदार टाचांच्या चपला चालत नाहीत. रविवारी हे कॅथीड्रल पर्यटकांसाठी बंद असते, हे वेळापत्रक करताना ध्यानात ठेवावे. मोस्ता गावातल्या घुमटाकार चर्चला वाटेत अर्धा तास द्यावा. 9 एप्रिल 1942 रोजी घुमट फोडून आत पडलेला बॉम्ब तिथे फुटला नव्हता.

गोझो बेटासाठी वेगळा दिवस हवा. माल्टाच्या चिरकेव्वा बंदराहून बोट साधारण 25 मिनिटांत पोहोचते, मात्र वारा वाढला की फेऱ्या बंद पडू शकतात, म्हणून हा दिवस सहलीच्या शेवटी न ठेवता मध्ये ठेवावा. तिथल्या ता पिनू मंदिराच्या जागी 1883 साली कार्मनी ग्रिमा या शेतकरी स्त्रीला मरियामातेचा आवाज ऐकू आला. जुने लहान चॅपल नव्या चर्चच्या आत जपलेले आहे, आणि बाजूच्या खोल्यांच्या भिंती नवस फेडणाऱ्यांनी वाहिलेल्या वस्तूंनी भरल्या आहेत: बाळांचे कपडे, प्लास्टरचे साचे, पत्रे. वांद्र्याच्या मोत माउलीला मेणाचे हात–पाय वाहणाऱ्या आपल्या माणसांना ही खोली कोणी समजावून सांगावी लागत नाही.

मिस्सा, जेवण आणि सामान

मराठी मिस्सेसाठी दोन महिने आधी संबंधित चर्चच्या कार्यालयाला इंग्रजीत ईमेल करावा. गटाची संख्या, तारीख आणि धर्मगुरूंचे नाव त्यात असावे. मिस्सा–पुस्तिका आणि गीतांच्या झेरॉक्स आपणच न्याव्यात. रविवारच्या मिस्सा बहुतेक माल्टी भाषेत असतात, तरी आपल्या लोकांनी त्यातील एकीला जरूर बसावे. ही भाषा अरबीच्या कुळातली असून तिथले ख्रिस्ती लोक परमेश्वराला ‘अल्ला’ म्हणतात, हे ऐकून आमच्या गटातले सगळेच क्षणभर थबकले होते.

शाकाहारींसाठी मटाराच्या किंवा चीजच्या सारणाचे ‘पास्तिझ्झी’ सर्वत्र मिळतात. सशाचे मांस तिथे आवडीने खातात, म्हणून मागवण्याआधी विचारावे. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे न्यावेत. साडी किंवा पंजाबी ड्रेस असला की हा प्रश्नच येत नाही. चार्जरसाठी ब्रिटिश पद्धतीची तीन चौकोनी पिनांची प्लग लागते. रक्तदाब आणि मधुमेहाची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीतच ठेवावीत.

संत पौलाच्या उपसागरावरील वाचन

बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील संत पौलाच्या उपसागराला शक्यतो पहिल्याच संध्याकाळी जावे. समोर संत पौलाच्या बेटावरची त्यांची मूर्ती दिसते. तिथे 27वा अध्याय मोठ्याने वाचावा. खलाशी दोर सोडून पाण्याची खोली मोजतात, आधी वीस वाव, मग पंधरा, आणि जहाज खडकांवर आपटेल या भीतीने पिछाडीकडून चार नांगर टाकून उजाडण्याची वाट पाहतात, हा भाग अजिबात घाई न करता वाचावा. ज्या ईशान्य वाऱ्याने ते जहाज भरकटले, त्याला माल्टी लोक ‘ग्रिगाल’ म्हणतात आणि तो आजही या किनाऱ्यावर येतो, तेव्हा पुस्तकाची पाने फडफडू नयेत म्हणून दोन्ही अध्याय मोठ्या अक्षरांत छापून पुठ्ठ्यावर चिकटवून न्यावेत. वाचणाऱ्याने वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे आणि बाकीच्यांना आपल्यासमोर बसवावे, म्हणजे मागच्या रांगेतल्या आजींनाही प्रत्येक शब्द ऐकू जातो.