शेतातल्या खोलीचं दोन झडपांचं दार: सुताराला बोलावण्याआधी वाचा

आधी सगळ्यात महत्त्वाचं, कारण हेच हमखास राहतं: फळी आणि फळी यांच्यात सूतभर (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फट. मेमध्ये दार करत असाल तर दोन फळ्या एकमेकींना टेकवायच्या नाहीत. सुतार टेकवेल. उलट ठोकून घट्ट बसवेल आणि 'बघा, कागद जात नाही' असं अभिमानाने दाखवेल. त्याला तिथेच थांबवा. जळगाव-भुसावळकडे मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा लाकूड वर्षात सर्वांत कोरडं असतं, म्हणजे सर्वांत अरुंद. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तीच फळी रुंदीत फुगते. लांबीत जवळजवळ नाही, रुंदीतच. 5 इंची सागाची फळी मे ते ऑगस्ट सूतभर रुंद होते असं धरून चाला, हलकं लाकूड त्याहून जास्त. आता हिशोब करा. एका झडपेत 7 फळ्या, सगळ्या टेकवलेल्या, म्हणजे 6-7 सूत वाढ. तशीच शेजारच्या झडपेत. दोन्ही मिळून दीड इंचाच्या आसपास, आणि ती जाणार कुठे? मधोमध. मग पोळ्याच्या सुमाराला दार उघडायला पहार लागते, नाहीतर स्क्रू उपटून फळ्या धनुष्यासारख्या बाहेर येतात.

पुढचा हिशोब 6 फूट रुंद आणि 7 फूट उंच, चौकटीच्या आतल्या मापाचा आहे. फवारणी पंप, ठिबकच्या नळ्यांची बंडलं, खताची पोती, मोटारसायकल एवढं ये-जा करायला ते पुरतं. तुमचं माप वेगळं असेल तर आकडे बदला, फट बदलू नका.

लाकूड. साग सगळ्यात शहाणा, कमी फुगतो, कमी वळतो. मात्र झाड स्वतःच्या बांधावरचं असलं तरी तोडायला परवानगी आणि न्यायला वनखात्याचा वाहतूक परवाना लागतो, तो आधी. नसेल तर सरळ वखारीतून पावतीसकट घ्या. बाभूळ स्वस्त आणि मजबूत, पण जड, आणि ओली कापलेली बाभूळ वाळताना पिळवटते. कापून निदान एक उन्हाळा सावलीत थर लावून वाळलेली असेल तरच घ्या. अंजन दाराला नको, एका माणसाला झडप उचलणार नाही. कडूनिंब चालतो, किडीला बरा, पण सरळ लांब फळी मिळणं कठीण. कुठल्याही लाकडात पांढरा भाग, म्हणजे सालीकडचा कच्चा, फळीत शिरू देऊ नका. भुंगा आधी तोच खातो, उधईही.

वाळलंय की नाही हे वखारवाल्याच्या शब्दावर मानू नका. फळीच्या मधून वीतभर तुकडा कापा, किराणा दुकानातल्या काट्यावर वजन करा, घरात पंख्याखाली ठेवा, आठवड्याने पुन्हा करा. वजन उतरत असेल तर लाकूड ओलं आहे. उतरायचं थांबलं की कामाला घ्या. वाळवायला उन्हात टाकू नका, टोकं तडकतात. सावलीत, एकेका थरामध्ये पट्ट्या घालून, वर दगड ठेवून.

किती लागेल: फळ्या 14, प्रत्येकी 7 फूट लांब, कच्ची 6 इंच रुंद आणि सव्वा इंच जाड. रंधून जाडी 1 इंच होते. आडव्या पट्ट्या 6, तिरक्या 4, या कच्च्या दीड इंच जाड घ्या, रंधून सव्वा इंच होतात. घट धरून झडपांना 8 घनफूट, 4×3 इंची चौकटीला 2 घनफूट. आरागिरणीवरच फळीला एका कडेला जीभ आणि दुसऱ्या कडेला शेजारच्या फळीची जीभ शिरेल अशी खाच काढून घ्या, जीभ 3 सूत लांब. जीभ न मोजता फळीची दिसणारी रुंदी 5 इंच. जीभ 3 सूत असली की सूतभर फट ठेवूनही 2 सूत आत राहते, उजेड दिसत नाही, उंदीर-पाली येत नाहीत. जीभ आखूड काढली तर फट ठेवायची भीती वाटते, आणि मग सुतार परत घट्ट बसवतो. म्हणजे फटीची सुरुवात गिरणीवरच होते.

चौकट. काळ्या मातीत लाकडी पाय पुरू नका. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि चौकट दोन्ही वेळा हलवते. खाली मुरूम लागेपर्यंत खणून, काँक्रीट किंवा घडीव दगडाचा उंबरा घालून त्याच्यावर चौकट, आणि दोन्ही बाजूंना भिंतीत प्रत्येकी 3 होल्डफास्ट (चौकट भिंतीला धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या). ओळंबा दोन बाजूंनी लावा, समोरून आणि बाजूने. मग कर्ण मोजा: 6 बाय 7 ला दोन्ही कर्ण 9 फूट 2 इंच 5 सूत यायला हवेत. एकात अर्ध्या इंचाचा फरक असेल तर पाचर मारून सरळ करा आणि मगच सिमेंट भरा. 'दारात जमवून घेऊ' म्हणतात ते दारात कधीच जमत नाही.

झडपेचं माप. 72 इंचातून दोन्ही बिजागरींकडे 1-1 सूत, मधे 4 सूत सोडा. उरलेल्याचे दोन भाग केले की प्रत्येक झडप 35 इंच 5 सूत. उंची 83 इंच: वर 2 सूत, खाली पाऊण इंच मोकळं. खालची जागा कमी करू नका, दारासमोर मुरूम चढतो आणि पावसाळ्यात चिखल तुंबतो. 7 फळ्या 5-5 इंचाच्या, मधे 6 फटी सूतभराच्या, मिळून 35 इंच 6 सूत होतात. सूतभर जास्त येतं, ते शेवटच्या फळीच्या बाहेरच्या कडेवरून रंध्याने काढा. फटी कमी करून जमवू नका! फटी कमी करून जमवणं हाच घोळ असतो.

फट नजरेने ठेवायची नाही. 3 एमएम प्लायच्या बोटभर पट्ट्या कापा, वीसेक, आणि दोन फळ्यांच्या मधे वर, मधे, खाली घालूनच स्क्रू मारा. मारून झाले की पट्ट्या काढा. एक पट्टी दुसरीकडे हलवत गेलात तर तिसऱ्या फळीपर्यंत फट अर्धी होते, म्हणून पुरेशा कापा. आणि फेविकॉलचा डबा त्या दिवशी कामावर येऊच देऊ नका. सुताराचा हात सवयीने जातो. फळ्यांच्या सांध्यात फेविकॉल लागला की फट ठेवून उपयोग शून्य.

हे सगळं उन्हाळ्यातल्या कामाचं. दार ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये करत असाल तर उलटं: लाकूड तेव्हा फुगलेलं असतं, म्हणून फळ्या जवळजवळ टेकवा, दोन झडपांच्या मधली फट 2 सूत ठेवा, पण जीभ 3 सूतच. एप्रिलमध्ये फटी आपोआप उघडतील. 'मग आत्ता कशाला फट' असं विचारणाऱ्याला महिना विचारा.

आतल्या पट्ट्या. आडव्या तीन: खालची जमिनीपासून 8 इंचावर, वरची वरून 6 इंचावर, एक मधोमध. लांबीला झडपेपेक्षा दोन्हीकडून सव्वा इंच आखूड, म्हणजे चौकटीची आतली टेकणपट्टी त्यांना अडत नाही. प्रत्येक फळीला प्रत्येक पट्टीवर 2 स्क्रू, एकमेकांपासून अडीच इंच लांब, आणि जिभेत स्क्रू कधीच नाही. स्क्रू 2 इंची, 8 नंबर, आधी 3 एमएमचं छिद्र पाडून. सागात, बाभळीत छिद्राशिवाय मारलात तर डोकं तुटतं. दोन्ही झडपांना 84, तिरक्यांसाठी धरून दीडशे आणा. शेडमध्ये युरिया, इतर खतं ठेवायची असतील तर गंज लागणारे साधे लोखंडी स्क्रू नकोत. गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टीलचे, महाग वाटले तरी.

तिरकी पट्टी बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यापासून मधल्या कडेच्या वरच्या दिशेने जाते. ती दाबाखाली काम करते, झडपेचा लोंबता भाग खालून बिजागरीकडे टेकवते. उलट लावली तर ती ओढली जाते आणि सांधा उघडतो, झडप महिन्याभरात खाली टेकते. तपासायला सोपं: दोन्ही झडपा आडव्या शेजारी ठेवून आतून पाहा, तिरक्या पट्ट्या मधे वर मिळून घराच्या छपरासारख्या दिसल्या तर बरोबर, इंग्रजी व्ही दिसला तर उलट्या. प्रत्येक झडपेला दोन, प्रत्येक फळीवर मधोमध एक स्क्रू, आणि टोकं आडव्या पट्टीत खाच पाडून अडकवलेली, नुसती टेकवलेली नकोत. खाच टोकापासून दीड इंच आत, कडेला पाडली तर तिथलं लाकूड उडतं.

रंग कधी, हे इथेच सांगतो, कारण नंतर वेळ निघून गेलेली असते. जोडण्याआधी. जीभ, खाच, पट्टीची मागची बाजू, फळीची दोन्ही टोकं. विशेषतः खालचं टोक, तिथून पाणी नळीने ओढल्यासारखं चढतं, त्याला प्रायमरचे 3 हात द्या. नंतर रंगवलं तर उन्हाळ्यात फळी आकसते आणि जिभेवर कोरी पांढरी रेघ दिसते. फटीत रंग भरून ती बुजवू नका. लांबी (पुट्टी) तर अजिबात नाही. रंगारी फट दिसली की लांबी घेऊन धावतो, त्यालाही आधी सांगून ठेवा.

बिजागऱ्या 18 इंची पट्ट्याच्या, प्रत्येक झडपेला 3, एकूण 6. एक झडप 40-45 किलो भरते, बाभळीची 50 च्या पुढे, म्हणून 2 वर भागवू नका. पट्टा बाहेरून, बरोबर आडव्या पट्टीच्या समोर. प्रत्येक पट्ट्याला अडीच सूत जाडीचे 3 बोल्ट, 3 इंची, आरपार, नट आतून वॉशर घालून. फळीतलं छिद्र अर्धं सूत मोठं. चौकटीकडच्या पानाला निदान 1 पाच इंची बोल्ट आरपार, बाकी अडीच इंची स्क्रू. बाहेरून नुसते स्क्रू असले तर केबल-मोटार चोरायला येणाऱ्याला कुलूप फोडायची गरजच नाही, पेचकस पुरतो. तिन्ही बिजागऱ्यांच्या कण्या एका दोरीत हव्यात, नाहीतर दार कुरकुरतं आणि एकीवर सगळा भार येतो.

झडप लटकवताना खाली पाऊण इंचाचे ठोकळे, बिजागरीकडे 3 एमएमची पट्टी, वर पाचर. एक माणूस धरणार, एक मारणार. आधी वरची, मग खालची, मग मधली बिजागरी. प्रत्येक वेळी उघडून बंद करून बघा. मधली फट वर 4 सूत आणि खाली 4 सूत आली की झालं. वर 4, खाली 2 अशी आली तर झडप रंधू नका, चौकटीकडच्या पानाखाली पातळ पत्रा घाला.

मधे बाहेरून अडीच इंची ढापणी, म्हणजे मधली फट झाकणारी पट्टी, फक्त त्या झडपेला जी आधी उघडते. सव्वा इंच तिच्यावर, बाकी फटीवर आणि दुसऱ्या झडपेवर मोकळी. दोन्हीला ठोकली की दारच बंद.

मागे राहणाऱ्या झडपेला आतून वर-खाली टावर बोल्ट, खालचा उंबऱ्यात निदान इंचभर. पुढच्या झडपेला आल्ड्रॉप (कुलूप लावायची सरकती कडी), कुलपाचा कोयंडा मागच्या झडपेला, तोही आरपार बोल्टने. दोन्ही झडपा उघड्या राहताना अडकवायला भिंतीत हूक आणि साखळी. मे-जूनच्या वावधानात केळीच्या बागा आडव्या होतात, उघडी झडप तर बिजागरीसकट जाईल. टेकणपट्टी 7 सूत जाड, चौकटीच्या आत तिन्ही बाजूंना. ऑइल पेंटचे 2 हात बाहेरून, आतून 1 चालेल. वरच्या कडेलाही रंग.

काम झाल्यावर, सुताराला पैसे देण्याआधी, 3 एमएमची तीच पट्टी घेऊन फळ्यांच्या सगळ्या फटींत घालून बघा. जिथे जात नाही तिथले स्क्रू काढायला लावा.