परागकणांवरून जुनं हवामान शोधताना या चुका टाळा

तलावाच्या गाळात थरागणिक त्या त्या काळच्या झाडांचे परागकण साठतात, आणि त्यांवरून तेव्हाचं हवामान ताडता येतं. बडोद्यात अशा प्रकल्पासाठी गाळ काढायचा म्हटलं की डभोईजवळचा वढवाणा तलाव चटकन आठवतो. जवळ आहे, पोहोचायला सोपा आहे. पण तो सयाजीराव महाराजांच्या काळात, १९१०च्या सुमारास सिंचनासाठी बांधलेला. त्याच्या गाळात शंभरेक वर्षांचीच नोंद मिळणार. त्याखालच्या जुन्या मातीवर भिस्त ठेवू नका: हवा लागलेल्या जमिनीत परागकण कुजतात, आणि नेच्यांचे चिवट बीजाणू तेवढे उरतात. स्लाइडवर तेच जास्त दिसले तर ‘दमट हवामान’ लिहायची घाई नको.

सगळ्यात जास्त फसवते ती टक्केवारी. एक ग्रॅम गाळात झाडांचे १०० कण आणि गवताचे १०० धरा. वरच्या थरात, तेवढ्याच गाळात, झाडांचे १००च पण गवताचे ३००. झाडांचा वाटा ५० टक्क्यांवरून २५वर येतो, आणि अहवालात ‘जंगल घटलं, पाऊस कमी झाला’ असं छापलं जातं. झाडांचा एक कणही कमी झालेला नसतो! म्हणून लायकोपोडियम या नेच्यासारख्या वनस्पतीच्या बीजाणूंची, संख्या ठाऊक असलेली गोळी नमुन्यात घाला आणि तेही परागकणांसोबत मोजा, म्हणजे ग्रॅममागे किती कण हे काढता येतं. ती पहिलं रसायन घालण्याआधीच घालायची. नंतर घातली तर धुताना किती कण वाहून गेले याचा हिशेब लागत नाही. शिवाय गवत खरंच वाढलं असलं तरी त्यामागे पाऊसच असेल असं नाही, कुऱ्हाड आणि गुरंही असू शकतात.

बाभूळ दिसली नाही म्हणजे बाभूळ नव्हती, असंही नाही. तिचे कण बहुधा १६-१६च्या घट्ट गठ्ठ्यात असतात. ते जड असल्यामुळे झाडापासून फार लांब जात नाहीत. गवताचे कण मात्र वाऱ्यावर दूरवर पसरतात. यावर मला एकच उपाय भरवशाचा वाटतो: जांबुघोड्याच्या जंगलातली आणि शेताच्या बांधावरची आजची वरची माती आणा, तिच्यातले कण मोजा आणि आज समोर उभ्या असलेल्या झाडांशी ताडून पाहा. हे न करता जुन्या थरांचा अर्थ लावू नये.

दोन हजार वर्षं जुन्या म्हणवल्या जाणाऱ्या थरात मक्याचा टपोरा कण सापडला तर थांबा. मका अमेरिकेतून आला, सोळाव्या शतकात किंवा त्यानंतर. वरची माती खाली मिसळली आहे किंवा कालमापन चुकलं आहे.

गाळातली वाळू-माती विरघळवायला वापरलं जाणारं हायड्रोफ्लोरिक आम्ल काचेच्या भांड्यात कधीही ओतू नका, ते काच विरघळवतं. ॲसिटोलिसिसचं (आम्लाने सेंद्रिय कचरा काढून कण स्वच्छ करण्याचं) मिश्रण ओल्या गाळावर घालू नका, पाण्याशी ते भडकतं. आधी ग्लेशियल (जवळजवळ पाणी नसलेल्या) ॲसिटिक ॲसिडने पाणी काढून टाका. दोन्ही कामं धूर खेचणाऱ्या कपाटात, अनुभवी माणूस शेजारी असतानाच करा.