रिसर्च सेंटरमध्ये प्रोजेक्ट ॲडमिन म्हणून लागलात? सुरुवात अशी करा

सगळ्यात आधी ग्रँटचं ॲग्रीमेंट मागून घ्या आणि स्वतः वाचा. पीआय म्हणजे मुख्य संशोधक म्हणतील "त्यात काही विशेष नाही", पण बऱ्याचदा त्यांनीही ते शेवटपर्यंत वाचलेलं नसतं. प्रोजेक्ट सुरू आणि बंद व्हायची तारीख, कुठल्या हेडला (म्हणजे पगार, यंत्रं, प्रवास अशा खर्चाच्या प्रकाराला) किती पैसे, एका हेडचे पैसे दुसरीकडे वळवायला परवानगी कुणाची, रिपोर्ट कधी द्यायचे, एवढं एका कागदावर उतरवून टेबलासमोर चिकटवा.

मग एक्सेल. मंजूर आणि खर्च हे दोन कॉलम सगळेच करतात, तिसरा करा 'अडकलेले', म्हणजे ऑर्डर गेलीय पण बिल आलेलं नाही, शिवाय पोस्टडॉकचे, म्हणजे पीएचडीनंतर प्रोजेक्टवर काम करणाऱ्या संशोधकांचे, उरलेल्या महिन्यांचे पगार. नाहीतर शिल्लक १०० दिसते, त्यातले ६० आधीच बोललेले असतात आणि सर खुशाल नवा लॅपटॉप मागतात.

ओव्हरहेड म्हणजे ग्रँटमधून सेंटरच्या सामाईक खर्चासाठी जाणारा हिस्सा, त्यावरून वाद होणारच. होरायझन युरोप या युरोपियन युनियनच्या संशोधन निधीच्या ग्रँटमध्ये सबकॉन्ट्रॅक्टिंगसारखे (बाहेरच्यांना दिलेलं काम) काही खर्च वगळून थेट खर्चावर सरसकट २५ टक्के मिळतात, इतरांचे दर वेगळे. हे पैसे वीज, इमारत, अकाउंट्सचा स्टाफ यासाठी असतात हे शांतपणे सांगा, कुणाला पटत नाही ते सोडा.

आता तारखा, इथेच मी आपटले. यंत्राची ऑर्डर वेळेत दिली, यंत्रही आलं, पण बिलावर तारीख पडली प्रोजेक्ट संपल्यानंतर ४ दिवसांची. फंडिंग देणाऱ्यांनी खर्च मान्य केला नाही, सेंटरच्या खिशातून गेले. तेव्हापासून शेवटच्या ३ महिन्यांत मोठी खरेदी मी घेतच नाही, कुणी कितीही रुसू दे. काम उरणार असं दिसलं तर नो-कॉस्ट एक्स्टेन्शन मागा, पैसे वाढत नाहीत पण मुदत मिळते, फक्त अर्ज मुदत संपायच्या आत, आणि किती आधी ते ॲग्रीमेंटमध्येच असतं.

माणसांच्या मुलाखती किंवा सॅम्पल घ्यायचे असतील तर एथिक्स कमिटीचं पत्र फाईलला लागल्याशिवाय सुरुवात करू देऊ नका. पेपर सबमिट व्हायच्या आधी आभारात ग्रँट नंबर आहे ना तेही बघा, छापून आल्यावर दुरुस्ती म्हणजे डोक्याला ताप.

आणि अकाउंट्सवाल्यांशी फोनवर काहीही ठरलं की लगेच "आत्ता बोलल्याप्रमाणे" असा दोन ओळींचा ईमेल टाकून द्या, ऑडिटला फोन दाखवता येत नाही.