आविष्कारला पोरं न्यायचीत? मग पोस्टरच्या आधीचं आणि नंतरचं पण बघा

तालुक्याच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवता शिकवता मी दरवर्षी दोन-चार पोरं आविष्कारला नेतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आविष्कार म्हणजे आपल्या राज्यातल्या विद्यापीठांची संशोधन स्पर्धा, पोरं आपलं काम पोस्टरवर मांडतात, 2006 पासून चालू आहे, आधी कॉलेज पातळी मग एकेक पायरी वर जात राज्य पातळी. माझी बहुतेक पोरं घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली, कुणी पाड्यावरचं, कुणाचे आईवडील ऊसतोडीला जाणारे. शहरातल्या प्राध्यापकाच्या पोराला जेवताना ताटावर जी माहिती फुकट मिळते ती यांना कुणीच देत नाही, एवढाच काय तो फरक. तुम्ही शिक्षक असा नाहीतर कुठल्या लॅबमध्ये नोकरीला लागलेले माजी विद्यार्थी, एका पोराचं जरी काम घेतलं तरी चालतं.

पोर निवडताना

वर्गात सगळ्यात आधी हात वर करणारं लगेच घेऊ नका. प्रॅक्टिकल संपल्यावर ब्युरेट (द्रावण मोजून सोडायची काचेची नळी) धुऊन ठेवणारं, दोन रीडिंग जुळली नाहीत म्हणून न सांगता तिसरं घेणारं कोण आहे ते बघा. आणि शेवटची एसटी किती वाजताची आहे हे पहिल्याच दिवशी विचारा. माझा एक चांगला प्रोजेक्ट साडेपाचच्या गाडीपायी अर्धवट राहिला, कारण मी प्रयोग चारला लावायचो आणि पोरगं बिचारं भिडेपोटी बोललंच नाही. मुलगी असेल तर एकदा घरी फोन करून बोला, परगावी मुक्काम आहे आणि सोबत मॅडम आहेत हे तुमच्या तोंडून ऐकलं की अर्धं काम होतं.

विषय घराजवळचा घ्या

नॅनो-बिनोच्या मागे लागू नका, कॉलेजात मशीन नसतं आणि मग पोरं नेटवरचे ग्राफ चिकटवतात. मागे एकीने गावातल्या विहिरीचं आणि बोअरचं पाणी घेतलं, का तर आई म्हणायची बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही. झालं की, हाच प्रश्न! पाण्याचा कठीणपणा, म्हणजे त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, ईडीटीए नावाच्या रसायनाच्या टायट्रेशनने (थेंबथेंब टाकून किती लागलं ते मोजून) काढता येतो, द्रावणाचा वाइनसारखा लाल रंग निळा झाला की थांबायचं, सेकंड इयरच्या पोरांना हे येतंच. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत ठीक म्हणतं आणि दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतं, तिचं बोअर त्याच्याही पुढे निघालं. नमुना कधी घेतला, बाटली कशी धुतली, आदल्या दिवशी पाऊस होता का, हे सगळं तारखेसकट वहीत पाहिजे, परीक्षक वही मागतात.

गोषवारा आधी मराठीत लिहून घ्या, मग दोघांनी बसून इंग्रजी करा. तुम्ही एकट्याने लिहून देऊ नका, मोह फार होतो, मला पण होतो, पण मग पोराला स्वतःच्याच पोस्टरवरचं वाक्य वाचता येत नाही.

तालीम

इथे माझी चूक सांगतो. ही बोअरच्या पाण्यावालीच मुलगी विभागाच्या फेरीत उभी, परीक्षकांनी इंग्रजीत विचारलं कंट्रोल (तुलनेसाठीचा नमुना) काय घेतला, आणि ती एकदम गप्प. परतीच्या गाडीत मी तेच मराठीत विचारलं तर म्हणाली, "सर, डिस्टिल्ड वॉटर घेऊन ब्लँक रीडिंग घेतलं होतं की, कंट्रोल म्हणजे तेच का?" काम केलं होतं, शब्द माहीत नव्हता, आणि तो सांगायचं काम माझं होतं. तेव्हापासून मी तीन तालमी घेतो, पहिली पूर्ण मराठीत, दुसऱ्या वेळी मराठीच्या मॅडम आणि लॅबमधले काका यांना परीक्षक करतो, कारण ते सगळ्यात अवघड प्रश्न विचारतात ("मग आता पाणी प्यायचं का नाही?"), आणि तिसरी इंग्रजी शब्दांसकट. "माहीत नाही सर, पण असं करून बघता येईल" हे वाक्यही पाठ करून घ्या, त्याने मार्क जात नाहीत.

पैसे

पैसे आधी द्या. बिलं जमा करा मग मिळतील, हे ज्याच्या खिशात शंभर रुपये आहेत त्याला सांगून उपयोग नाही. एका ठिकाणचे प्रवासखर्चाचे पैसे आम्हाला चार महिन्यांनी मिळाले, तोवर पोरीच्या वडिलांनी उसने घेतले होते. स्टाफरूममध्ये डबा फिरवा, माजी विद्यार्थ्यांना मागा, लाजू नका. पोस्टर फ्लेक्सवाल्याकडून करून घेताना माप नियमांतून बघा, आणि फाइल फोनमध्ये असू द्या.

स्पर्धेच्या दिवशी आणि नंतर

नंबर येवो न येवो, आपलं झालं की पोराला इतरांच्या पोस्टरसमोर पाठवा, किमान तीन जणांना प्रश्न विचारून ये म्हणावं. कुणी परीक्षक नीट बोलले तर नाव लिहून घ्यायचं आणि त्याच आठवड्यात चार ओळींचा ईमेल. पोरांचे ईमेल विषयाशिवाय जातात, पहिला तुमच्यासमोर लिहून घ्या.

खरं मेंटॉरिंग इथून पुढे, आणि इथेच बहुतेक जण सुटतात. मी रविवारी संध्याकाळी वीस मिनिटं फोन करतो, फोन मी लावतो, पोराचा रिचार्ज असो नसो. त्यात तारखा सांगायच्या. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी फेलोशिप देतात, दोन महिने मोठ्या लॅबमध्ये काम, विद्यावेतन आणि रेल्वेचं भाडं मिळतं, अर्ज साधारण नोव्हेंबरात संपतात. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस हा संशोधनाची ओळख करून देणारा कार्यक्रम बीएस्सीच्या पोरांसाठीच आहे. एमएस्सीला आयआयटीत जायचं तर जॅम परीक्षा, फॉर्म सप्टेंबरच्या आसपास, परीक्षा फेब्रुवारीत, मुलींना आणि एससी-एसटी-दिव्यांगांना फी निम्मी.

आणि कागदपत्रं! ओबीसीच्या पोरांना आयआयटीच्या प्रवेशाला केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रिमिलेयर दाखला लागतो, राज्याचा चालत नाही, आणि हे प्रवेशाच्या वेळी कळलं की सेतूच्या चकरा मारण्यात जागा जाते. दिवाळीच्या सुट्टीतच याची चौकशी करायला लावा.

शिफारसपत्र मागायला आलं तर "मेहनती व प्रामाणिक" लिहून सही ठोकू नका. अकरा विहिरींचं पाणी सायकलवरून आणलं, न जुळलेली रीडिंग लपवली नाहीत, असं लिहा.

हो, आणि पोस्टर ठेवायची ती प्लास्टिकची नळी पोरांकडून आठवणीने परत घ्या, पुढच्या वर्षीच्या पोराला लागते.